आप्पांच्या बसला प्रवासी हवेत

आमच्यापैकी प्रत्येकाच्या घरी माळ्यावर वायरींचा एक खोका आहे. कुठली वायर कशाची हे कोणालाच आठवत नाही, पण टाकून द्यायचं म्हटलं की जिवावर येतं. आमच्या किस्स्यांचंही तसंच झालंय. दर शनिवारी चहाला जमायचं, काहीतरी घोळ घालायचा आणि तो त्या खोक्यात टाकायचा! परवा बोलता बोलता लक्षात आलं, की एकट्या माझ्या कॉम्प्युटरच्या अपग्रेडचेच इतके किस्से साठलेत की बाकीच्यांना हात लावायची गरज नाही.

आम्ही चौघं. मी प्राजक्ता, मूळची मिरजेची, बंगळूरला महादेवपुऱ्यातल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर. केदार पुण्याचा, वैभव नागपूरचा आणि बसवराज, म्हणजे आमचा बसूअण्णा, निपाणीचा. एचएसआर लेआउटमधल्या मराठी गणेशोत्सवात महाप्रसादाच्या रांगेत आमची ओळख झाली. रांग हलेना म्हणून गप्पा सुरू झाल्या, गप्पांत गेमिंग निघालं आणि पानावर बसेपर्यंत आमचं कडाक्याचं भांडण झालं होतं. तेव्हापासून मैत्री आहे. आठवडाभर आपापल्या घरून ऑनलाइन खेळतो आणि शनिवारी माझ्याकडे जमतो.

माझा नवरा समीर या चौघांत नाही. तो दातांचा डॉक्टर. कॉम्प्युटरशी त्याचा संबंध चालू करायच्या बटणापुरता, आणि ते बटणही त्याला दरवेळी सापडतंच असं नाही.

आमच्यात एक नियम आहे. सूचक आणि अनुमोदक असल्याशिवाय कोणीही कॉम्प्युटरचा साधा स्क्रूसुद्धा विकत घ्यायचा नाही. हसू नका! हा नियम वैभवमुळे आला. त्याने एका सेलमध्ये मदरबोर्ड घेतला, दुसऱ्या सेलमध्ये प्रोसेसर घेतला आणि घरी आणून बघतो तर हे त्यात बसेना. दोन्ही वेगवेगळ्या घराण्यांतले.

"पण दोन्हीवर चाळीस टक्के सूट होती न बे!" हे त्याचं स्पष्टीकरण.

"पत्रिका न बघता लग्न लावलं तरी दोघं निदान एका मांडवात उभी राहतात," केदार म्हणाला आणि त्याच दिवशी ठराव पास झाला.

*

आता आप्पा. आप्पा म्हणजे माझे वडील. बत्तीस वर्षं एसटीत ड्रायव्हर होते. आई गेल्यावर मिरजेच्या घरी एकटेच राहायचे. गेल्या वर्षी बाथरूममध्ये पाय घसरून पडले आणि सकाळी दूधवाला येईपर्यंत तसेच पडून राहिले. हे मला त्यांनी नाही, दूधवाल्याने सांगितलं. मी तडक जाऊन त्यांना बंगळूरला घेऊन आले. आणलं खरं, पण ठेवायचं कसं?

कारण आप्पांना इथे काही कामच नव्हतं. दिवसभर बाल्कनीत उभं राहून खालच्या कॅबवाल्यांच्या चुका काढायचे. "बघ, बघ! इंडिकेटर डावा आणि वळला उजवीकडं!" मिरजेच्या माणसाला येतं तेवढं मोडकंतोडकं कन्नड त्यांना येतं, पण चौथ्या मजल्यावरून ते खाली पोचत नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात ते बॅग भरायला लागले.

मग केदारने बस चालवायचा एक गेम माझ्या कॉम्प्युटरवर टाकून दिला आणि वैभवने आपलं जुनं स्टिअरिंग आणि पायाखाली ठेवायची पेडल्स आणली. आप्पांनी आधी टेबलाभोवती एक चक्कर मारली. कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला हात लावून नमस्कार केला. मग खुर्चीत बसून म्हणाले, "हवा बघितली का?"

"काका, गेममध्ये टायरची हवा बघावी लागत नाही," केदार म्हणाला.

"म्हणून तुमच्या गाड्या आपटतात!"

पहिल्याच फेरीत त्यांनी एकही ओरखडा न आणता बस शेवटच्या थांब्यापर्यंत नेली. आम्ही चौघं इतकी वर्षं खेळतोय, पण सिग्नलला थांबणारा माणूस आम्ही गेममध्ये पहिल्यांदाच पाहिला. आम्ही टाळ्या वाजवल्या. आप्पांनी हँडब्रेक ओढला, आरशात पाहिलं आणि विचारलं, "गाडी मोकळी का गं?"

आता हे कसं सांगायचं? माझा कॉम्प्युटर आठ वर्षांचा. गेममध्ये प्रवासी चालू केले की तो जागच्या जागी थिजायचा. बस पुलावर असली तर पुलावरच! म्हणून केदारने सेटिंगमध्ये जाऊन प्रवासी शून्य करून ठेवले होते. रस्ता होता, झाडं होती, थांबे होते, फक्त माणसं नव्हती.

"मशीन जुनं आहे, आप्पा. त्याला माणसं झेपत नाहीत."

आप्पांनी आठ दिवस ती मोकळी बस चालवली. प्रत्येक थांब्यावर थांबायचे, दार उघडायचे, जरा वेळ बघायचे, दार लावायचे आणि निघायचे. नवव्या दिवशी ते स्टिअरिंग सोडून उठले. "मोकळी गाडी डेपोत लावायची असती. मला मिरजेला जाऊ दे."

समीरने तिकीट काढलं, पण मुद्दाम तीन आठवड्यांनंतरचं, रविवार संध्याकाळचं. म्हणाला, तेवढा वेळ हातात राहील. मला त्या मिरजेच्या बाथरूमची खरोखर भीती वाटत होती. तीन आठवड्यांत आप्पांच्या बसमध्ये माणसं बसवायची, याशिवाय मला दुसरं काही सुचेना. शनिवारी ठराव मांडला. बजेट चाळीस हजार, एक रुपयाही वर नाही. सूचक मी, अनुमोदक बसूअण्णा.

*

ठराव पास होताच केदारने लॅपटॉप उघडला. त्याच्याकडे एक एक्सेल आहे. अकरा शीट्स. एका शीटचं नाव 'भविष्य' आहे. ग्राफिक्स कार्ड, रॅम, प्रोसेसर, वीज किती खातात, तापतात किती, सगळं त्यात आहे. दोन तास त्याने आम्हाला ते वाचून दाखवलं आणि शेवटी निष्कर्ष सांगितला.

"थांबू या."

"काय?"

"तीन महिन्यांनी नवीन कार्डं येतायत. मग जुन्यांचे भाव पडतील."

"केदार, तिकीट तीन आठवड्यांनी आहे!"

"तत्त्वतः मान्य आहे. पण डेटा वेगळं सांगतोय."

दिवाळीत मी रॅम घ्यायला निघाले होते, तेव्हाही हा 'थांब' म्हणाला होता. मग जगभरची रॅम एआयवाल्यांनी उचलली आणि भाव सोन्याच्या मागे धावायला लागले. केदारच्या एक्सेलमध्ये या घटनेची लाल रंगात नोंद आहे. चूक म्हणून नव्हे, 'अनपेक्षित' म्हणून!

आप्पा सोफ्यावर बसून हे सगळं ऐकत होते. म्हणाले, "आमच्या डेपोत एक साहेब होते. नवी गाडी मंजूर होणार म्हणून जुनीचे ब्रेक लायनर बदलत नव्हते."

"मग आली का नवी गाडी?" केदारने फार उत्सुकतेने विचारलं.

"साहेबांची बदली झाली. जुनी गाडी अजून तिथंच उभी हाय. आत कोंबड्या बसतात."

त्यावर केदारने एक्सेल बंद केली. रॅम नवी घ्यायची, ग्राफिक्स कार्ड सेकंड हँड घ्यायचं आणि बाकीचं आहे तेच चालवायचं, असं ठरलं.

*

रॅम आणायला आम्ही कॉम्प्युटरच्या बाजारात गेलो. मी, वैभव, बसूअण्णा आणि गाडी चालवायला समीर. दुकानदार म्हणजे पन्नाशीचे भारदस्त गृहस्थ. मी विचारलं, "थर्टी टू जीबीचा किट आहे का?" त्यांनी समीरकडे बघून हिंदीत उत्तर दिलं, "है सर. गेमिंग के लिए चाहिए?"

मी म्हटलं, हो. त्यांनी समीरला विचारलं, स्पीड किती हवा? मी स्पीड सांगितला. त्यांनी समीरला विचारलं, मदरबोर्ड कुठला आहे? समीरने तीनदा सांगून पाहिलं की यांना विचारा, मला यातलं काही कळत नाही. चौथ्यांदा ते समीरकडे वळले तेव्हा तो जरा पुढे वाकला आणि हिंदीतच म्हणाला, "सर, मशीनचं मला खरंच कळत नाही. पण तुमची खालची उजवी दाढ किडलीय. या आठवड्यात दाखवून घ्या."

त्यानंतर दुकानदार माझ्याशीच बोलले. तोंडावर हात ठेवून!

आता भाव करायची वेळ. हे खातं बसूअण्णाचं. कन्नडमध्ये बोललं की भाव उतरतो, अशी आमची श्रद्धा आहे, म्हणून त्याला मुद्दाम सुट्टी घ्यायला लावली होती. त्याने बाह्या सरसावल्या आणि सुरुवात केली, "स्वल्प कम्मी माडी, सर."

दुकानदारांनी मान वर केली. त्याचा सूर ऐकून त्यांनी विचारलं, कुठल्या गावचे? बसूअण्णा म्हणाला, निपाणी. दुकानदार निघाले चिकोडीचे! एकदम दोघंही मराठीवर आले. मग चिकोडीतली गल्ली निघाली, गल्लीतलं देऊळ निघालं, देवळासमोरचं बसूअण्णाच्या मावशीचं घर निघालं, आणि त्या घराच्या शेजारचं घर दुकानदारांच्या सुनेचं माहेर निघालं. दोनदा कॉफी झाली. सुनेच्या भावाशी फोनवर बोलणं झालं. मी वैभवला हळूच म्हटलं, आता रॅम अर्ध्या किमतीत मिळणार!

पाऊण तासाने बिल आलं. छापील किंमत, एक पैसा कमी नाही आणि बसूअण्णाने मान खाली घालून ते माझ्या हातात दिलं.

"अण्णा, भाव?"

"अक्का, आता कसा करायचा भाव? पाव्हणं निघालं की हे! पाव्हण्यासंगं घासाघीस करत्यात व्हय?"

दुकानदारांनाही जरा ओशाळल्यासारखं झालं असावं. आम्ही निघताना त्यांनी कॅबिनेटमध्ये लावायचे दोन छोटे पंखे पिशवीत घातले. लाल दिव्यांचे. सुनेच्या माहेरच्या माणसाला रिकाम्या हाती कसं पाठवायचं म्हणून!

*

आमच्या नियमात फुकट वस्तूंचा उल्लेख नाही. ही पळवाट वैभवने पकडली.

"लाइट नसन तं गेमिंग पीसी कायचा? ऑफिसचा वाटते न!" असं म्हणत त्याने दोन्ही पंखे कॅबिनेटमध्ये बसवले. लाल दिवे मंद व्हायचे, मोठे व्हायचे, परत मंद व्हायचे. वैभव हात बांधून त्यांच्याकडे बघत उभा राहिला. मुलगी पहिल्यांदा स्टेजवर नाचताना बापाचा चेहरा होतो तसा त्याचा झाला होता.

दुसऱ्या दिवशी आप्पा एक फेरी मारायला बसले. सरळ रस्ता, समोर चिटपाखरू नाही, आणि आप्पा दर दहा सेकंदांनी ब्रेक मारतायत. बस गचके खातेय. केदारला बोलावलं. त्याने पेडल तपासलं, केबल बदलली, सॉफ्टवेअर काढून परत टाकलं. दीड तास गेला. गचके चालूच. शेवटी आप्पाच वैतागून म्हणाले, "अरे, ह्या पुढच्याला कोणीतरी सांगा! सारखा सारखा ब्रेक लावतोय. लाल दिवा बघून मी काय करू?"

कॅबिनेट त्यांच्या उजव्या हाताला, स्क्रीनला चिकटून ठेवलं होतं.

वैभवने स्वतःच्या हाताने त्या दिव्यांवर काळी चिकटपट्टी लावली. आमच्या ग्रुपमध्ये याहून करुण दृश्य मी पाहिलेलं नाही.

*

तिसरा आठवडा संपत आला तरी कार्डाचा पत्ता नव्हता. बजेटमध्ये बसणारं एकच सापडलं, तेही पार शहराबाहेर, देवनहळ्ळीला. आप्पा म्हणाले, "जुनी गाडी घ्यायची आणि बघायला ड्रायव्हर नको?" मग बसूअण्णाच्या गाडीत पुढे आप्पा, मागे मी आणि केदार असे निघालो. एअरपोर्ट ओलांडेपर्यंत आप्पांनी पायाखाली नसलेला ब्रेक निदान शंभर वेळा दाबला असेल. पुढे द्राक्षांचे मळे आणि मळ्यांच्या मधोमध प्लॉट पाडून लावलेली रंगीत निशाणं. अशाच एका नव्या लेआउटमध्ये एकुलतं एक घर बांधून एक गृहस्थ राहत होते. बोलायला फार नम्र.

"फक्त रविवारी वापरलंय," त्यांनी कार्ड पुढे केलं. "तेही आईचे फोटो बघायला."

केदारने कार्डावरचे आकडे तपासले, ते बरोबर होते. आप्पा म्हणाले, "त्यांना विचार, किती किलोमीटर चाललंय?"

मला शरमल्यासारखं झालं. आप्पांनी कार्ड माझ्या हातातून घेतलं, नाकाजवळ धरलं, चष्मा कपाळावर चढवून स्क्रू पाहिले. मग बसूअण्णाला म्हणाले, "त्यांना सांग, स्क्रूची डोकी झिजल्यात. हे पाच-सहा वेळा खोलल्यालं हाय. आणि वास सांगतोय, ह्यानं रात्रंदिवस घाट चढलाय."

बसूअण्णाने ते शब्दाला शब्द कन्नडमध्ये सांगितलं. घाटासकट!

गृहस्थांनी कार्ड परत घेतलं. मग म्हणाले की त्यांच्या आतेभावाने वर्षभर या कार्डावर चोवीस तास डिजिटल नाणी पाडली होती. आत जाऊन त्यांनी दुसरं कार्ड आणलं, ते मात्र त्यांचं स्वतःचं होतं. आप्पांनी त्याचाही वास घेतला. "हे घरातलं हाय. घ्या." आम्ही ते त्यांच्याच मशीनवर अर्धा तास चालवून पाहिलं आणि त्याच किमतीत घेतलं.

निघताना गृहस्थ आप्पांपाशी येऊन हळूच म्हणाले, "सर, मी एक सेकंड हँड कारही घेतलीय. जरा तिचा वास घ्याल का?"

*

घरी येऊन कॅबिनेट उघडलं. कार्ड आत ढकललं. ते अडलं. तिरकं केलं, तरी अडलं. दोन बोटं जास्त लांब होतं!

आम्ही सगळ्यांनी केदारकडे पाहिलं. केदारने एक्सेल उघडली. अकरा शीट्समध्ये कार्डाचा वेग होता, तापमान होतं, आवाज किती करतं तेही होतं. लांबी नव्हती.

"लांबी कोण बघतं?" तो म्हणाला.

"शिंपी," बसूअण्णा म्हणाला.

नवीन कॅबिनेटला पैसे उरले नव्हते. आम्ही खाली मान घालून बसलो होतो, तेवढ्यात समीर क्लिनिकमधून आला. त्याने हात धुतले, मोबाइलचा टॉर्च लावला आणि कॅबिनेटमध्ये डोकावून पाहिलं. आत जुनी हार्ड डिस्क ठेवायचा एक पिंजरा होता, रिव्हेटने पक्का केलेला. "हे वापरात आहे?" मी म्हटलं, नाही. "मग काढून टाकू. अक्कलदाढेसारखं आहे, उगीच जागा अडवून बसलंय."

आम्ही बाकीचे सगळे भाग काढून घेतले. समीरने मास्क लावला, घरातलं ड्रिल घेतलं आणि सवयीने कॅबिनेटवर वाकून म्हणाला, "घाबरायचं नाही हं, फक्त आवाज येईल." दहा मिनिटांत पिंजरा बाहेर आला. कार्ड अलगद बसलं. अकरा वर्षांच्या संसारात मी नवऱ्याचं काम पहिल्यांदाच जवळून पाहत होते आणि मला त्याचं फार कौतुक वाटलं. तो मास्क काढत म्हणाला, "आजचा दिवस काही गरम नको. उद्यापासून चालेल."

आणि केदारने खरंच त्या दिवशी कॉम्प्युटर चालू करू दिला नाही. तज्ज्ञाचा सल्ला म्हणून!

*

शनिवार उजाडला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं तिकीट. आप्पांची बॅग दाराशी आलेली. आम्ही कॉम्प्युटर चालू केला, गेम उघडला, प्रवासी चालू केले. बस निघाली, पहिला थांबा दिसायला लागला आणि कॉम्प्युटर फट्कन बंद! परत चालू केला, परत बंद. तिसऱ्यांदा केदारने हात वर केले. "पॉवर सप्लाय. जुना आहे, नव्या कार्डाचा भार पेलत नाही."

ठराव गेला खड्ड्यात, मी वरचे पैसे घालते म्हटलं. पण हवा तसला सप्लाय बाजारात फोन करकरून मिळाला नाही आणि ऑनलाइन मागवावा तर मंगळवारी येणार होता. आप्पा म्हणाले, "जाऊ दे गं. तुम्ही पोरांनी लई केलं." ते असं म्हणाले आणि मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. खोटं कशाला सांगू!

बाहेर आले तर केदार गायब. कोणाला काही न बोलता निघून गेला होता. मला त्याचाही राग आला. तासाभराने तो परत आला तेव्हा काखेत एक खोका होता. सीलबंद. आत आम्हाला हवा होता तसाच पॉवर सप्लाय!

"हा कुठून आणलास बे?" वैभव ओरडला.

"माझा आहे. तीन वर्षांपूर्वी घेतला होता. परफेक्ट मशीन बांधायचं म्हणून. बाकीचे भाग अजून... बाजारात यायचेत."

म्हणजे आम्हा सगळ्यांना 'थांब' सांगणारा हा माणूस स्वतः तीन वर्षं एका खोक्याशेजारी थांबला होता! त्याने माझ्याकडे कात्री मागितली. सील त्याने एका बाजूने, अगदी जपून कापलं. आतलं वॉरंटी कार्ड काढून त्याने तारीख वाचली आणि शांतपणे म्हणाला, "गेल्याच महिन्यात संपली."

मी त्याला मिठी मारली. तो म्हणाला, "अगं, हे एक्सेलमध्ये कुठल्या शीटला घालू?"

*

रविवारी सकाळी दहा वाजता आम्ही सगळे हॉलमध्ये. आप्पांनी प्रवासासाठी म्हणून इस्त्रीचा शर्ट घातला होता. वैभवने सेटिंगमध्ये जाऊन प्रवासी शेवटच्या टोकापर्यंत ओढले. बस निघाली. पहिला थांबा आला, आप्पांनी दार उघडलं आणि माणसं चढायला लागली. एक छत्रीवाले गृहस्थ, दोन कॉलेजच्या मुली, पोत्यासारखी पिशवी घेतलेली एक म्हातारी बाई. कॉम्प्युटर हूं की चूं न करता चालत होता. आप्पांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला आणि परत लावला.

बाई अजून सीटपर्यंत पोचल्या नव्हत्या. स्क्रीनवर वेळ लाल झाली आणि गुण कापले जायला लागले.

"काका, निघा," केदार म्हणाला. "ते बसेपर्यंत थांबायची गरज नसते. पॉइंट्स जातायत."

"म्हातारी उभी असताना क्लच सोडू?"

दुपारपर्यंत आप्पांचे गुण उणे झाले होते. गेममधल्या शहरभरच्या ड्रायव्हरांच्या यादीत त्यांचा नंबर शेवटचा! ते जेवायला उठले तेही शेवटच्या थांब्यावर सगळी माणसं उतरवून, आणि हात धुऊन लगेच पुढची फेरी घेतली. आम्ही जेवलो, चहा झाला, वैभव सोफ्यावर झोपून उठला. समीरने दोनदा घड्याळ दाखवलं. मी घड्याळाकडे पाठ करून बसले.

साडेचारला खालून बसूअण्णाच्या गाडीचा हॉर्न वाजला. समीरने बॅग उचलली आणि आप्पांच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला.

"आप्पा, निघायला हवं. सिल्क बोर्डच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो तर मिरजेची गाडी चुकेल."

आप्पांनी रस्त्यावरची नजर काढली नाही. गिअर बदलला, आरशात एकदा मागे पाहिलं.

"चुकू दे की! एकेचाळीस माणसं बसल्यात माझ्या गाडीत. त्यास्नी अर्ध्या वाटंत टाकून जाऊ व्हय?"